कॅरॅव्हॅन ओढताना मागचं दिसावं म्हणून: टोइंग मिरर कसे निवडावेत



मागच्या व्याख्यानात आपण वजनाचा हिशोब पाहिला: गाडीला किती ओझं झेपतं, कॅरॅव्हॅनमध्ये सामान कसं लावायचं, वगैरे. त्यानंतर सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते आरशांविषयी. बहुतेकांचा सूर असा होता की, 'आरसे काय, कुठलेही स्वस्तातले घेतले तरी चालतील ना?' आम्हालाही एके काळी तसंच वाटायचं. म्हणून आजचा पूर्ण तास आरशांसाठी ठेवला आहे.

साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मागून कितीही हॉर्न वाजवा, चालकाला पत्ता नसतो. दर वेळी तो मुजोर असतो असं नाही, त्याला मागचं दिसतच नाही. ब्रिटनच्या मोटरवेवर चुकीचे आरसे लावून कॅरॅव्हॅन ओढणाऱ्याची अवस्था तीच असते. फरक एवढाच की त्याचा वेग ताशी ६० मैल असतो.

आमच्यावर आलेला प्रसंग आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

आम्ही दोघं आळीपाळीने गाडी चालवतो. कॅरॅव्हॅन घेतली त्या पहिल्याच उन्हाळ्यात ब्रिस्टलकडून एम ५ ने डेव्हनला चाललो होतो. आरसे रबरी पट्ट्यांनी बांधायचे, स्वस्तातले, दोन्ही बाजूंना फुगीर काच. पुढे एक लॉरी होती. मोठ्या लॉऱ्यांना स्पीड लिमिटर असतो, त्या साधारण ५६ मैलांच्या वर जात नाहीत. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्याला मोटरवेवर ६० ची परवानगी. म्हणजे ओव्हरटेक करायला तुमच्या हातात ताशी ४ मैलांचा फरक. उजव्या आरशात पाहिलं, एक निळी गाडी लांब, बारकीशी दिसत होती. इंडिकेटर दिला, मधल्या लेनमध्ये शिरू लागलो आणि मागून हॉर्न आणि दिव्यांचा मारा सुरू झाला. ती गाडी लांब नव्हतीच, अगदी कॅरॅव्हॅनच्या शेपटीशी होती. आम्ही स्टिअरिंग परत डावीकडे घेतलं, थोडं जोरात घेतलं, आणि मागे कॅरॅव्हॅन झुलायला लागली. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना माहीत आहे की त्या चार-पाच सेकंदांत माणूस काहीच बोलत नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि ती शांत झाली. पुढच्या सर्व्हिसेसला थांबलो. चहाचा कप हातात धरवत नव्हता.

तिथे पार्किंगमध्ये आरसा नीट पाहिला. पट्टी सैल होऊन तो थोडा खाली झुकला होता. पण खरा घोटाळा वेगळाच होता. आरशाने गाडी दाखवली होती, अंतर मात्र खोटं सांगितलं होतं.

तेव्हापासून आरसा निवडताना आम्ही तीनच प्रश्न विचारतो. तो पुरेसा बाहेर पोचतो का? त्याची काच अंतर खरं सांगते का? आणि तो वेगात जागेवर राहतो का? एकेक घेऊ.

कायदा काय म्हणतो

कायदा थोडक्यात सांगतो. कॅरॅव्हॅन तुमच्या गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल, तर योग्य टोइंग मिरर लावणं ब्रिटनमध्ये बंधनकारक आहे. न लावल्यास १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. आपल्या मंडळींनी हे ३ पॉइंट हलक्यात घेऊ नयेत. इथे येऊन नव्याने टेस्ट पास झालेल्यांचं लायसन्स पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की रद्द होतं. आणि १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी टेस्ट लागत नाही. म्हणजे अजिबात सराव नसताना मोठी कॅरॅव्हॅन जोडून निघणं आता कायदेशीर आहे. सोय झाली हे खरं, पण जबाबदारीही आपल्यावर आली.

किती दिसायला हवं, याचंही माप आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांपासून २० मीटर मागे, कॅरॅव्हॅनच्या बाजूपासून बाहेर ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना. आरसा कॅरॅव्हॅनच्या रुंदीच्या बाहेर २५० मिलिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. कॅरॅव्हॅन सोडून नुसती गाडी चालवताना ही मर्यादा गाडीच्या बाहेर २०० मिलिमीटर आहे. म्हणून कॅम्पसाइटवर पोचून दुधाची पिशवी आणायला निघालात, तरी आरसे काढून डिकीत टाका.

पहिला प्रश्न: पोच

आता कागद-पेन्सिल घ्या. आपली नेहमीची कॅरॅव्हॅन २.२ ते २.३ मीटर रुंद असते, काही मोठ्या २.४५ मीटरच्या आसपास. समजा तुमची २.३ आहे. म्हणजे मधल्या रेषेपासून तिची बाजू ११५ सेंटिमीटरवर. गाडीच्या स्वतःच्या आरशांची बाहेरची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २.०५ मीटर धरू, म्हणजे मधल्या रेषेपासून साधारण १०२ सेंटिमीटर. फरक किती? १२-१३ सेंटिमीटर. वीतभरही नाही. माणसाला वाटतं, एवढ्याने काय बिघडतं?

बिघडतं ते असं. तुमची नजर आरशावरून मागे जाते आणि साधारण साडेचार मीटरवर कॅरॅव्हॅनच्या पुढच्या कोपऱ्याला घासून बाहेर वळते. तिथून पुढे ती सरळ जात नाही, तिरकी बाहेर जात राहते. म्हणजे कॅरॅव्हॅनच्या मागे एक न दिसणारी पाचर तयार होते, आणि ही पाचर मागे जाईल तशी रुंद होत जाते. आरशापासून २० मीटरवर ती कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या बाहेर सुमारे ४३ सेंटिमीटर असते. ५० मीटरवर सव्वा मीटर. १०० मीटरवर अडीच मीटरच्या वर! मोटरवेच्या लेनची रुंदी ३.६५ मीटर. म्हणजे शंभर मीटर मागे, शेजारच्या लेनमधली कार अर्ध्याहून जास्त या पाचरीत लपते. मोटरसायकल तर अख्खी लपू शकते.

जवळची गाडी दिसते, म्हणून आपल्याला वाटतं की आरसा पुरतो. लपतं ते लांबून वेगाने येणारं वाहन. ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. आरशाची काच कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या रेषेच्या थोडी बाहेर गेली की पाचर नाहीशी होते. म्हणून खरेदीला जाताना दोन मापं घेऊन जा: कॅरॅव्हॅनची सगळ्यांत रुंद जागी रुंदी आणि गाडीच्या आरशांची टोक ते टोक रुंदी. दोन्हींतला फरक अर्धा करा. तुमच्या आरशाला एका बाजूला किमान तेवढी पोच हवी, आणि त्यावर काचेचा बराचसा भाग. दुकानातला माणूस 'सगळ्या गाड्यांना बसतो' म्हणेल. बसतो, पण पोचतो का, हे विचारा.

दुसरा प्रश्न: काच

काच दोन प्रकारची मिळते, सपाट आणि फुगीर. सपाट काच म्हणजे घरातला आरसा. जे आहे ते आहे त्या आकाराचं. फुगीर काचेत जास्त रुंद भाग मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते. आपला मेंदू लहान म्हणजे लांब असं समजतो.

किती लांब? समजा काचेची वक्रता-त्रिज्या १२०० मिलिमीटर आहे. शाळेत शिकलेलं आठवा, नाभीय अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे ६० सेंटिमीटर. तुमचा डोळा आरशापासून ९० सेंटिमीटरवर. मग मागची गाडी खऱ्या आकाराच्या सुमारे ०.४ पट दिसते, म्हणजे खऱ्या अंतराच्या अडीच पट लांब असल्याचा भास होतो. आरशापासून २० मीटरवर असलेली गाडी ५० मीटरवर वाटते.

हे आकडे आता रस्त्यावर ठेवू. तुम्ही ६० ने चालला आहात, मागचा ७० ने येतो आहे. फरक ताशी १० मैल, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. आरसा सांगतो, '५० मीटर आहेत, ११ सेकंद मिळतील.' प्रत्यक्षात २० मीटर आहेत आणि साडेचार सेकंदच आहेत. त्यातही आरशाच्या मागे जवळजवळ १० मीटर तुमची स्वतःचीच गाडी आणि कॅरॅव्हॅन आहे. ती निळी गाडी आम्हाला बारकीशी का दिसली, याचं उत्तर या हिशोबात आहे.

मग दोन्ही बाजूंना सपाट काच घ्यावी का? तसंही नाही. १७ सेंटिमीटर रुंद सपाट काच घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर २० मीटर मागे तीत जेमतेम ४ मीटरचा पट्टा मावतो. हिशोब ढोबळ आहे. दोन डोळ्यांमुळे थोडं जास्त दिसतं, काच तिरकी असल्याने थोडं कमी. तीच काच पॅसेंजरच्या बाजूला दीड मीटरवर गेली की पट्टा अडीच मीटरवर येतो. म्हणजे पुरत नाही. आरसा लांब गेला की तो खिडकीसारखा लहान होत जातो.

म्हणून ब्रिटनमध्ये चालवणाऱ्यांना आम्ही सुचवतो: उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला सपाट काच, आणि डावीकडे फुगीर. उजवीकडून ओव्हरटेक होतं, तिथे अंतराचा अंदाज अचूक हवा. डावीकडे कर्ब, सायकलस्वार, राउंडअबाउटवर आत घुसणारी गाडी, या सगळ्यांसाठी रुंद दृश्य हवं. फक्त एक लक्षात ठेवा. लॉरीला मागे टाकून पुन्हा डावीकडे येताना हीच फुगीर काच लॉरी खूप मागे राहिल्याचं दाखवते. त्या बाजूला डोळा लांब असल्याने भास साडेतीन पटीचा होतो. 'झाली पार' असं वाटल्यावर आणखी थोडं पुढे जा, मगच डावीकडे या.

ओव्हरटेकला वेळ किती लागतो, तेही सांगून ठेवतो. लॉरी साडेसोळा मीटर, आपण बारा मीटर, आणि पुढे-मागे वीस-वीस मीटर मोकळी जागा. ४ मैलांच्या फरकाने हे अंतर कापायला ३५ ते ४० सेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही मधल्या लेनमध्ये असता. म्हणून आरशाकडे एकदा बघून भागत नाही, बघत राहावं लागतं.

तिसरा प्रश्न: पकड

हलणारा आरसा कितीही चांगल्या काचेचा असला तरी निरुपयोगी. ताशी ६० मैलांच्या वाऱ्यात, शेजारून लॉरी जाताना, काच थरथरली की मागची गाडी नुसता डाग दिसते.

पकडण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली, रबरी पट्ट्यांनी बांधायचे आरसे: स्वस्त, हलके, पण पट्टी ताणली जाते. आमचे तेच होते. दुसरी, गाडीच्या आरशाच्या कवचाला वरून-खालून रबरी पॅडनी चिमटा घेणारे क्लॅम्प, हाताने स्क्रू आवळायचे. ब्रिटनमध्ये मिलेंकोचे असे आरसे बऱ्याच जणांकडे दिसतात. तिसरी, तुमच्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे बनवलेले, जसे जर्मनीच्या एमुकचे. हे आकारात घट्ट बसतात, पण महाग, आणि गाडी बदलली की बहुधा आरसेही बदलावे लागतात.

यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं, हे तुमच्या गाडीच्या आरशाचं कवच ठरवतं. हल्लीची कवचं गुळगुळीत, निमुळती, त्यात इंडिकेटरचा दिवा, खाली कॅमेरा. क्लॅम्पला धरायला सपाट जागा आहे का, पॅड दिव्यावर येतं का, स्क्रूचं टोक आतल्या काचेला लागतं का, हे दुकानाच्या पार्किंगमध्येच लावून पाहा. शेजाऱ्याच्या गाडीला छान बसला म्हणून घेऊ नका. लावण्याआधी कवच पुसून कोरडं करा. धुळीवर रबर घसरतं आणि रंगावर ओरखडेही पडतात. बसवल्यावर हाताने हलवा. आरसा एकटाच हलला तर पकड सैल, सगळं कवच हललं तर ठीक.

आणि काचेवर किंवा कवचावर वर्तुळातलं ई आणि शेजारी एक आकडा शोधा. ती मान्यतेची खूण. आकडा देशाचा असतो: १ जर्मनी, ११ ब्रिटन. ही खूण नसेल तर तो आरसा घेऊ नका.

घरच्या घरी तपासणी

सरळ, सपाट जागेवर कॅरॅव्हॅन जोडून उभी करा. नुसती गाडी उभी करून तपासणी होत नाही. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घ्या. ड्रायव्हरच्या डोळ्यापासून २० मीटर मागे, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकापासून साधारण १० मीटरवर, एक बाटली कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या रेषेत ठेवा, दुसरी तिच्यापासून ४ मीटर बाहेर. सीटवर नेहमीसारखे टेकून बसा, मान पुढे काढू नका. दोन्ही बाटल्या एकाच आरशात दिसल्या पाहिजेत. आतल्या कडेला कॅरॅव्हॅनची बारीक पट्टी दिसू द्या, म्हणजे आरसा सरकला तर लगेच कळतं. क्षितिज काचेच्या मध्यावर ठेवा. मग दुसरी बाजू.

आमच्या दोघांच्या उंचीत वीतभर फरक आहे. एकाने लावलेला आरसा दुसऱ्याला आभाळ दाखवतो. म्हणून ड्रायव्हर बदलला की आरसा बदलायचा, हा आमच्या घरचा नियम आहे, आणि घाई असली की तोच आधी मोडतो. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांनी पहिल्या सुरक्षित जागी थांबून स्क्रू पुन्हा आवळायचे, हा दुसरा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एका काकांनी विचारलं की, 'आमची एसयूव्ही चांगली रुंद आहे, तरी लागतील का?' काका, अंदाज करू नका, फूटपट्टी लावा. कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर लागतील. आणि गाडी रुंद असली तरी बाटल्यांची तपासणी करून पाहाच.

'मागे कॅमेरा बसवला तर?' जरूर बसवा. रिव्हर्स घेताना आणि अगदी मागे चिकटलेली गाडी पाहायला तो फार उपयोगी. आमच्याकडेही आहे. पण तो आरशाला पूरक, त्याच्या बदली नाही.

एक ताई म्हणाल्या, 'गाडी लॉक केली की आमचे आरसे आपोआप मिटतात.' फार चांगला मुद्दा. जोड-आरसा लावलेला असताना ते मिटू लागले तर आतल्या मोटरवर ताण येतो, नाहीतर जोड-आरसा काचेवर आपटतो. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय तेवढी बंद ठेवा.

शेवटचा प्रश्न फ्रान्सचा होता: 'इथली गाडी तिकडे नेली तर?' तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, म्हणजे ओव्हरटेक डावीकडून. आणि तुमच्या डावीकडे आहे लांबची, फुगीर, साडेतीन पट फसवणारी काच. आम्ही फ्रान्सला जाताना डावीकडे मोठी सपाट काच लावतो. बहुतेक क्लॅम्पच्या आरशांत गाडीची स्वतःची काचही झाकली जात नाही, तीही बघतो. आणि खरं सांगायचं तर, तिथे ओव्हरटेकच कमी करतो. दहा मिनिटं उशिरा पोचतो, जेवण गरमच असतं.

जाता जाता एवढंच. कॅरॅव्हॅनवर हजारो पौंड खर्च करून आरशांवर वीस-तीस पौंड वाचवायचा मोह आम्हालाही झाला होता. त्या निळ्या गाडीत कोण होतं, आम्हाला माहीत नाही. त्या माणसाने वेळेवर ब्रेक लावला, म्हणून आज आम्ही दोघं तुमच्याशी बोलतो आहोत. दर वेळी मागचा माणूस आपली चूक सांभाळून घेईलच, असं धरून निघू नका. येत्या सुट्टीआधी एका सकाळी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बाहेर जा.